स्वच्छ हवेचं घर

११ ऑक्टोबर १९८८, मंगळवार

यंत्र बसलं एकदाचं. दोन दिवस घरात नुसती ठोकाठोक चालली होती. आज दुपारी माणसं सगळं आवरून गेली आणि मी कॉफीचा कप घेऊन स्वयंपाकघरात जमिनीलगतच्या जाळीपाशी बसून राहिले. जाळीतून ऊबदार वारा येतो. आवाज नाही, वास नाही, धूळ नाही. रेइनो म्हणाला, "पाळलेल्या कुत्र्याजवळ बसावं तशी बसलीयस."

थट्टा करू दे. उभी हयात लोहखनिजाच्या कारखान्यात गेली त्याची, छातीत अर्धा कारखाना घेऊन निवृत्त झाला. या उन्हाळ्यात रानं पेटली तेव्हा धुराने तो जातो की काय अशी वेळ आली होती. डॉक्टर म्हणाले, घरातली हवा सांभाळा, औषधाइतकंच ते महत्त्वाचं. म्हणून हे सगळं. हिवाळ्यात गरम, उन्हाळ्यात थंड, आणि बारा महिने जाड फिल्टरमधून गाळलेली हवा. खिडक्यादारांच्या फटी बुजवून घेतल्या. स्वयंपाकघरात आणि न्हाणीत जोरकस पंखे बसवले, आतली कोंदट हवा बाहेर फेकायला.

घर तापवायची जुनी भट्टी तुकडे करून बाहेर काढली. नव्या भट्टीचा धूर भिंतीतल्या बारीक नळीतून जातो, तिला धुराडं लागत नाही. त्या मोठ्या विटांच्या धुराड्यात आता फक्त तळघरातल्या, गॅसवर पाणी तापवायच्या टाकीचा धूर जाणार. टाकी चांगली आहे, तिला हात लावायचं कारण नाही, असं बसवणारे म्हणाले.

१६ ऑक्टोबर, रविवार

लेम्पी जेवायला आली होती. रेइनोची थोरली बहीण, गावाबाहेर शेतावर एकटी राहते. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने जन्म काढला, त्यामुळे माझ्या हातचं काहीही तिच्या पसंतीला उतरत नाही. रेइनोशी लग्न करून मला सहा वर्षं झाली, पण तिच्या लेखी मी अजून पाहुणीच आहे.

खिडकी उघडायला गेली, ती हलेना. मी म्हटलं, "लेम्पी, ती आता उघडायची नाही. बाहेरची हवा आत यायला नको."

"घर आहे की लोणच्याची बरणी?" ती म्हणाली. मग रेइनोकडे बघून, "आयली असताना या घराला खिडक्या होत्या."

आयली म्हणजे त्याची पहिली बायको. रेइनो बटाटे खात राहिला. तो अशा वेळी नेहमी काहीतरी खात असतो.

३० ऑक्टोबर

पहिला बर्फ. रेइनो आठवडाभर शांत झोपतोय, खोकला निम्म्यावर आला. आज फिल्टर काढून बघितला तर राखेसारखा काळा. हे सगळं त्याच्या छातीत गेलं असतं. मी तो तसाच नेऊन त्याला दाखवला. मला इतकं समाधान वाटलं की लेम्पीलाही फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बरं." एवढंच.

१३ नोव्हेंबर

थंडी वाढल्यापासून माझं डोकं दुखतंय. कपाळावर पट्टा आवळल्यासारखं. गंमत म्हणजे दातांच्या दवाखान्यात कामावर गेले की तासाभरात थांबतं. तिथे दिवसभर फोन वाजतो, मुलं रडतात, तरी थांबतं. आणि घरी येऊन कोट काढला की थोड्या वेळाने पुन्हा सुरू.

याचा अर्थ काय ते मला कळतं, पण लिहायला धीर होत नाही. आजारी माणसाबरोबर राहून मी थकले आहे का? मला हे घर नकोसं झालंय का? रेइनोला यातलं काही सांगितलेलं नाही.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

काल सुगीच्या सणाचं जेवण लेम्पीकडे झालं. बुधवारपासून तिथेच मुक्काम होता. तिच्या घरात भिंतींतून वारा येतो, लाकडाची शेगडी धूर सोडते. मी वाटभर काळजी करत होते की याचा त्रास होणार. झालं उलटंच. रेइनोने टर्की दोनदा वाढून घेतली, गोठ्यापर्यंत चालत गेला, कारखान्यातल्या जुन्या गोष्टी सांगून आम्हाला हसवलं. लेम्पी माझ्याकडे बघत होती.

आज दुपारी घरी परतलो. त्याने गरम पाण्याने भरपूर अंघोळ केली, मी कपडे धुवायला टाकले. संध्याकाळी त्याला उलटी झाली. लेम्पीचा फोन आला तेव्हा मी सांगून बसले.

"काय दिलंस खायला?" तिने विचारलं.

"सूप. काल तुम्हीच दिलेलं."

"माझ्याकडे खाल्लं तेव्हा बाधलं नाही ते," ती म्हणाली.

४ डिसेंबर

खिडक्यांच्या काचांवरून आतल्या बाजूने पाणी ओघळतं. सकाळी चौकटीत चक्क डबकं असतं. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने नवी भट्टी उघडून नीट तपासली, सगळं ठणठणीत आहे म्हणाला. ओलावा थोडा जास्त आहे, पंखे जास्त वेळ चालू ठेवा. आता दोन्ही पंखे जवळजवळ दिवसभर चालू असतात.

रेइनो अलीकडे सारखा ओसरीवर जाऊन उभा राहतो. बाहेर पाणी फेकलं तर गोठून खाली पडेल अशी थंडी, आणि हा सदऱ्यावर. मी दोनदा ओढून आत आणलं. म्हणतो, "तिथे बरं वाटतं." मी रागावले. एवढा खटाटोप मी केला कुणासाठी?

१३ डिसेंबर, मंगळवार

काल रेइनोला इस्पितळात न्यावं लागलं. जिभेला शब्द सापडेनात त्याच्या. मला "आयली" म्हणाला. डॉक्टर म्हणतात छाती जुनी आहे, हिवाळ्यात असं व्हायचंच. ऑक्सिजन लावलाय. गाल मात्र गुलाबी दिसत होते, नर्ससुद्धा म्हणाली की रंग छान आहे.

१८ डिसेंबर

घरी आला. इस्पितळात दुसऱ्याच दिवशी तो उठून बसला होता, पत्ते खेळत होता. लेम्पी रोज यायची. घरी सोडायचं ठरलं तेव्हा ती डॉक्टरांना म्हणाली, अजून थोडे दिवस ठेवा. ते म्हणाले, घरच्यासारखी काळजी इथे होणार नाही. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तेच तर."

२५ डिसेंबर

नाताळ. माझ्या आईच्या पद्धतीची, अक्रोड भरलेल्या गोड पावाची गुंडाळी करायला घेतली. ओव्हनमध्ये ठेवली आणि विसरले. विसरले म्हणजे कशी, मी समोरच्या खुर्चीवर बसले होते. धूर दिसत होता. आपण उठायला हवं हे कळत होतं, पण ते दुसऱ्या कुणाचं तरी काम आहे असं वाटत होतं. रेइनोने येऊन ओव्हन बंद केला.

आईला माझ्या वयाची असतानाच विसर पडायला लागला होता. शेवटी तिला चमचा कशासाठी असतो ते सांगावं लागायचं.

डोकं दुखतंय. दवाखान्याला सुट्टी आहे, दिवसभर घरातच.

९ जानेवारी १९८९, सोमवार

रेइनो पुन्हा इस्पितळात. सकाळी उठवायला गेले तर उठेना. आता शुद्धीवर आहे.

जे झालं ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या मला वाटेल की मीच मनाने रचलं. इस्पितळाच्या लांब मार्गिकेत लेम्पीने मला गाठलं. आवाज चढवला नाही. वाढपाच्या पोरींना सूचना द्याव्यात तशी सावकाश बोलली.

"माझ्याकडे आला की बरा असतो. इथे आला की बरा असतो. तुझ्याकडे गेला की मरायला टेकतो. मी काही शिकलेली नाही, झोरा, पण एवढं मला कळतं. तू त्याला काय घालतेस?"

मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"मी डॉक्टरांना सांगितलंय. ते रक्त तपासायला पाठवतायत. विषासाठी."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी मनात आमच्या कपाटातल्या बाटल्या आठवत होते, उंदराचं औषध कुठे ठेवलंय, मीठ कुठे ठेवलंय. मला हल्ली काही म्हणजे काही आठवत नाही. माझ्या हातून झालं असेल तर?

१४ जानेवारी, शनिवार

रक्तात काही सापडलं नाही. डॉक्टर मला हे सांगताना ओशाळले होते. लेम्पी ओशाळली नाही. म्हणाली, सगळी विषं सापडतात असं थोडंच आहे.

रेइनो घरी आला, सोबत ऑक्सिजनची मोठी नळकांडी. नाकाशी नळी, दिवसरात्र. नळी लांब आहे, पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत पोचते. आणि त्याच्या मागोमाग लेम्पीही आली, आपली भांडी, आपलं पीठ, आपली कॉफी घेऊन. रेइनोला तीच शिजवून घालणार. मला वरची खोली द्यायची होती, तिने तळघरातली मागितली, टाकीच्या शेजारची. तिथून जिना चढला की थेट स्वयंपाकघर. पहारा द्यायला बरी.

१८ जानेवारी

रेइनो सुधारतोय. चक्क सुधारतोय. लेम्पीच्या हातचं खाऊन.

म्हणजे मीच होते.

२२ जानेवारी, रविवार

लेम्पी आज अंथरुणातून उशिरा उठली. भिंतीला धरून जिना चढली. डोकं दुखतंय का म्हणून विचारलं तर तिने आपला कॉफीचा कप माझ्यापासून लांब ओढला. दुपारी मला ऐकू जाईल अशा बेताने रेइनोला म्हणाली, "माझ्या कॉफीलाही हात लागलेला दिसतोय."

संध्याकाळी ती शेतावर जाऊन आपल्या विहिरीचं पाणी बरण्यांत भरून घेऊन आली. आल्यावर चेहरा टवटवीत होता. ती म्हणाली, तिथल्या पाण्याने बरं वाटलं. बरण्या तिच्या पलंगाखाली आहेत. खोलीला बाहेरून कुलूप लावते.

२९ जानेवारी

आज काय केलं आठवत नाही. कपडे. कपडे धुतले वाटतं, दोरीवर आहेत. लेम्पीने टेबलावर डोकं ठेवलं होतं आणि मी समोर डोकं ठेवलं होतं, आणि रेइनो मधे उभा होता नळी लावून, आमच्याकडे बघत. म्हणाला, तुम्हा दोघींना झालंय काय? लेम्पी म्हणाली हिला विचार.

आज काय केलं आठवत नाही.

४ फेब्रुवारी, शनिवार

उणे चौतीस. गाड्या सुरू होत नाहीत. दवाखाना दोन दिवस बंद. तळघराच्या छोट्या खिडकीतून बारीक वारा येतो, तेवढी एकच फट कामगारांच्या नजरेतून सुटली होती. लेम्पी तिथे कोट घालून झोपते. म्हातारं माणूस. ती वर स्वयंपाकात असताना, खोली उघडी बघून, मी जाड प्लॅस्टिक आणून खिडकीला सगळीकडून चिकटपट्टीने बसवलं. वाकून वाकून घेरी आली, पण काम चोख झालं. हात लावून बघितलं, वाऱ्याचा कणही येत नाही.

लेम्पीने बघितलं. म्हणाली, "हे कुणी सांगितलं होतं?"

"थंडी वाजत होती ना तुम्हाला."

ती बराच वेळ त्या प्लॅस्टिककडे बघत उभी राहिली, जणू यातही काही डाव असेल. मग म्हणाली, "बरं केलंस." सहा वर्षांत पहिल्यांदा.

आज झोप चांगली लागेल.

१९ फेब्रुवारी, रविवार

हे इस्पितळातून. अक्षर वाचता आलं तर नशीब. जे मला आठवत नाही ते रेइनोने सांगितलं, तसं लिहिते.

सहा तारखेला, सोमवारी, दवाखाना अजून बंदच होता; आम्ही दोघी सकाळपासून कपडे धूत होतो. तळघरात लेम्पी, वर मी. थंडी म्हणून पाणी कढत, वाफ फार म्हणून दोन्ही पंखे पूर्ण जोरात. रेइनो पलंगावर होता. कप फुटल्याचा आवाज आला म्हणून उठून आला तर मी जमिनीवर, डोळे उघडे. त्याला वाटलं झटका आला. जिन्याच्या तोंडाशी जाऊन त्याने लेम्पीला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. खाली टाकीचा जाळ भरभरत होता, बाकी काही नाही.

तो म्हणतो, त्या क्षणी त्याच्या डोक्यात आलं की दोन बायका एकाच वेळी पडत नाहीत. दोघी पडतात आणि घरात जो सगळ्यात आजारी तो उभा राहतो, कारण तो एकटाच नुसती या घरातली हवा घेत नाहीये.

खुर्ची घालून त्याने खिडकी फोडली. भिंतीवरच्या फोनवरून अग्निशामक दलाला बोलावलं. मला बगलेत धरून ओसरीवर ओढलं. ज्या माणसाला बूट घालताना धाप लागते त्याने. मग तो लेम्पीसाठी वळला. तिसऱ्या पायरीवर नळी संपली. त्याने ती काढून टाकली आणि आणखी उतरला. खाली तिचा पाय दिसत होता, धुण्याच्या यंत्राशेजारी. तिथे त्याचे गुडघे गेले. कसाबसा तो सरपटत वर आला, नळी पुन्हा नाकाला लावली आणि पहिल्या पायरीवर बसून माणसं येईपर्यंत तिचं नाव घेत राहिला. तिला वाटावं कुणीतरी आहे, म्हणून.

लेम्पी जिवंत आहे. पण अजून नीट जागी झालेली नाही.

दलाच्या माणसाने आम्हाला समजावून सांगितलं, तो भला होता, घाई केली नाही. कार्बन मोनॉक्साइड. वास नाही, रंग नाही. नवी भट्टी निर्दोष होती. पण जुन्या भट्टीचा धूर धुराड्यात असायचा, त्याच्या उष्णतेने धुराडं तापलेलं राहायचं आणि टाकीचा धूरही सोबत वर ओढला जायचा. भट्टी गेली, धुराडं गार पडलं. त्यात आम्ही सगळ्या फटी बुजवल्या. पंखे हवा बाहेर फेकत होते आणि आत यायला तिला कुठूनच वाट नव्हती. मग घराने ती धुराड्यातूनच उलटी ओढली, टाकीच्या धुरासकट. पाणी जितकं तापवावं तितकी जास्त. काचांवरचं पाणीही त्या धुरातलंच होतं, आणि रेइनोच्या गालांवरची लालीही त्याच वायूची. आणि इस्पितळात पोचेपर्यंत ऑक्सिजन लावलेला असायचा, त्याने तो वायू रक्तातून निघून जायचा, म्हणून रक्तात कुणाला काही दिसलं नाही. शिवाय कुणी ते शोधतच नव्हतं.

मी विचारलं, तळघराच्या खिडकीतून येणारा वारा?

त्याने हातातली वही मिटली. म्हणाला, "तेवढी एक वाट होती."

११ मार्च

दवाखान्यात पुन्हा कामाला लागले. डोकं दुखत नाही, कुठेच नाही. रेइनोच्या भावजयीकडे... नाही, त्याला भाऊच नाही. अजून असं होतं अधूनमधून, डॉक्टर म्हणतात जाईल. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. रेइनो खिडकी चार बोटं उघडी ठेवतो, पायांवर घोंगडी घेऊन तिच्याशेजारी बसतो. मी बंद करत नाही.

२३ एप्रिल, रविवार

लेम्पी आता शुश्रूषागृहात असते. चालते, जेवते, केस स्वतः विंचरते. पण त्या जानेवारीच्या पुढचं तिच्याजवळ काही टिकत नाही. सकाळी सांगितलेलं दुपारी गेलेलं असतं.

रेइनोला जिने चढवत नाहीत, म्हणून काम संपलं की रोज मीच जाते. दारातून आत गेले की ती मला त्या मार्गिकेतल्या नजरेने बघते. रेइनो कुठे आहे विचारते. मी त्याला काय घालते ते विचारते. मी आणलेल्या सूपाचं भांडं दूर सरकवते. मग मी खुर्ची जवळ ओढून तिला सगळं सांगते, भट्टी, धुराडं, टाकी, पंखे. ती हुशार बाई आहे, मन लावून ऐकते, तिला पटतं. चेहरा सैल होतो. एकदा माझा हात धरून म्हणाली, "मी तुला भलतंसलतं बोलले असेन." मी म्हटलं, नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच नजर.

साऱ्या गावाला माहीत झालंय की मी त्याला विष देत नव्हते. तिला एकटीला ते रोज नव्याने कळावं लागतं. रेइनो म्हणतो, कशाला सांगतेस, एवढा त्रास करून घेऊ नकोस. त्याला समजत नाही. दिवसातला तो अर्धा तास मला हवा असतो.

आज मात्र सगळं ऐकून झाल्यावर ती खिडकीकडे वळली. खिडकीतून खाली बागेत कुणीतरी वाळलेला पाला गोळा करत होतं, ते बघत होती. मग तिने विचारलं, "ते सगळं बसवलं कुणी?"

हे तिने आजवर कधीच विचारलं नव्हतं. रेइनोचं नाव घेता आलं असतं. डॉक्टरांचं, कामगारांचंही.

"मी," मी म्हटलं.

"त्याच्यासाठी?"

"त्याच्यासाठी."

तिने मान हलवली, हिशोब जुळल्यासारखी. रागाने नाही, अगदी शांतपणे म्हणाली, "मग माझं बरोबरच होतं."

"हो, लेम्पी."

ती थोडी सावरून बसली आणि सूपाचं भांडं आपल्याकडे ओढलं.